धाकटीने शिकवलेला अभ्यास

दोघी जुळ्या, तरी घरात एक थोरली होती आणि एक धाकटी. थोरली काही मिनिटं आधी जगात आली, आणि तेवढ्या भांडवलावर तिने जन्मभराचं ताईपण पटकावलं. धाकटीने ते फारशी कुरकुर न करता देऊनही टाकलं. काही हवं असलं की ‘ताई’, भांडण असलं की ‘ए’, आणि एरवी नुसतंच ‘अगं’, असं त्यांचं चालायचं.

वडील लिफ्ट दुरुस्त करायचे, आई प्राथमिक शाळेत शिकवायची. दोघींना एकाच वेळी मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा वडिलांनी जाईल त्या इमारतीत ही बातमी सांगितली. लिफ्टमध्ये अडकलेल्या एका बाईंना तर त्यांनी आधी बातमी सांगितली आणि मग बाहेर काढलं. आई त्यावरून त्यांना पुढे कितीतरी दिवस चिडवत होती.

अभ्यासाची वाटणी शाळेपासून ठरून गेली होती. थोरली वाचायची, मध्येच अडायची, पुस्तक उपडं ठेवून छताकडे बघत बसायची आणि मग एकदम उठून खोलीत येरझाऱ्या घालत धाकटीला सगळं समजावून सांगायची. धाकटी पलंगावर पाय पसरून ऐकायची. ऐकता ऐकता त्यातलं परीक्षेला काय येणार आणि काय येणार नाही, हे तिच्या डोक्यात आपोआप वेगळं होत जायचं. तिला परीक्षेचा वासच यायचा म्हणा ना. शाळेत दोघींचे गुण मागेपुढे असायचे, त्यामुळे या वाटणीत काही बिघाड आहे असं कुणाला वाटायचं कारण नव्हतं.

मेडिकलच्या पहिल्या वर्षी रक्तदाबाचा धडा आला. थोरली दोन दिवस त्याच पानावर होती.

“अगं, बघ हं,” ती स्वतःच्या मानेवर बोट ठेवून म्हणाली, “इथे दाब ओळखणाऱ्या नसा असतात. दाब वाढला की ताणल्या जातात आणि मेंदूकडे ओरडतात. आता सांग, दाब कमी झाला की काय करतात?”

“आणखी मोठ्याने ओरडतात.”

“नाही ना! गप्प होतात. त्यांच्या गप्प होण्यावरूनच मेंदूला कळतं की काहीतरी बिनसलंय. कसलं भारी आहे!”

“किती मार्कांना येतं हे?” धाकटीने विचारलं.

थोरलीने उशी फेकून मारली. धाकटीने ती झेलली, डोक्याखाली घेतली आणि म्हणाली, “अर्ध्या पानाचं उत्तर आहे. मुद्दे काढ आणि पुढे चल.”

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. धाकटीने मथळा दिला, मुद्दे लिहिले, चौकटीत आकृती काढली, खाली रेघ मारली आणि पान उलटलं. पुढे तिला न येणारे प्रश्नही होते. त्यांनाही तिने मथळे दिले, आठवतील ते शब्द ओळीने मांडले आणि रेघा मारल्या. थोरली मात्र त्या एका प्रश्नात शिरली ती बाहेरच येईना. माणूस झटकन उभा राहिला की त्याला भोवळ का येते, इथून सुरुवात करून ती नसांपर्यंत आली, तिथून मेंदूत, तिथून हृदयात. मग घंटा झाली. तिची पुढची पानं कोरीच राहिली. बायोकेमिस्ट्रीच्या पेपरातही तसंच झालं.

निकाल कॉलेजच्या जिन्यापाशी लावला होता. धाकटीचं नाव अगदी वर होतं. थोरलीचं नाव फिजिओलॉजी आणि बायोकेमिस्ट्री, दोन्हींत नापास झालेल्यांत होतं. धाकटीने ते वाचलं. आपल्या आत काहीतरी हलायला हवं, असं तिला वाटलं. तिने जरा वाट पाहिली. हललं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, “जरा सरक ना,” तशी ती सरकली.

घरी आईने विचारलं, “तुला येत नव्हतं का?”

“येत होतं,” थोरली म्हणाली.

“मग लिहिलं का नाहीस?”

“लिहिलं.”

वडील कामावरून आले, सगळं ऐकलं आणि हात धुवायला गेले. बराच वेळ नळ वाहत होता. बाहेर आले तेव्हा म्हणाले, “पुरवणी परीक्षा असते ना? मग झालं तर.”

पुरवणी परीक्षेतही तेच झालं. या वेळी ती साखरेच्या रेणूत अडकली. तिचं वर्ष गेलं. धाकटी दुसऱ्या वर्षात गेली आणि थोरली, जुळी असून, तिच्या मागच्या बॅचमध्ये बसायला लागली. कॉलेजातली टवाळ मुलं थोरलीला आता ‘खरी धाकटी’ म्हणायची. ती हसून सोडून द्यायची. धाकटीला ते ऐकू यायचं, पण ती वहीत डोकं घालून बसायची.

खरं तर धाकटीला दुसऱ्या वर्षाची भीती वाटत होती. आता समजावून सांगणारं कुणी नव्हतं. पण वर्ष सुरू झालं, चाचण्या झाल्या आणि तिचे गुण कमी होण्याऐवजी वाढले. समजून घेण्यात जो वेळ जायचा तो वाचला होता. रोगांची नावं, औषधांची नावं, त्यांचे दुष्परिणाम, ती सगळं जसंच्या तसं डोक्यात ठेवायची, पेपरात उतरवायची आणि बाहेर पडल्या पडल्या विसरायची. इतकी वर्षं ताईचं ऐकलं नसतं तरी चाललं असतं, हे तिला एका दुपारी कॅन्टीनमध्ये चहा पिताना कळलं. तिने चहा संपवला, कप धुवायच्या टबात ठेवला आणि तासाला गेली.

त्याच वर्षी फिजिओलॉजीच्या मॅडमनी धाकटीच्या बॅचला सभागृहात बोलावलं. मॅडमना प्रत्येक गोष्टीचा आलेख काढायची इतकी हौस होती की मुलं त्यांना ‘आलेखबाई’ म्हणायची. पहिल्या वर्षी त्यांनी सगळ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. ‘मुळापासून समजल्याशिवाय मला चैन पडत नाही’, ‘परीक्षेला न येणारं मी वाचत नाही’ अशी वाक्यं होती आणि पुढे हो किंवा नाही करायचं होतं. आता मॅडमनी ती उत्तरं आणि निकाल शेजारी शेजारी ठेवले होते.

“तुमच्यात तीन प्रकारचे विद्यार्थी आहेत,” मॅडम म्हणाल्या. “काही नुसते घोकतात. काही मुळाशी जातात. आणि काहींना परीक्षा काय मागते ते बरोबर ओळखता येतं, तेवढंच ते करतात. सगळ्यांत जास्त गुण या तिसऱ्यांना आहेत.”

“आणि मुळाशी जाणाऱ्यांना, मॅडम?” पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

“त्यांचं काही सांगता येत नाही. काही वर आहेत, काही खाली. मुळाशी जाण्याचा आणि गुणांचा संबंधच दिसत नाही आपल्याकडे.”

सभागृहात हशा पिकला. पडद्यावर ठिपके होते. उजवीकडे अगदी खालच्या कोपऱ्यात एक ठिपका एकटाच पडला होता. समजून घेण्याची हौस सगळ्यांत जास्त आणि गुण सगळ्यांत कमी. त्यावर नाव नव्हतं, पण तो कुणाचा हे कळायला धाकटीला नावाची गरज नव्हती. आपला ठिपका वरच्या घोळक्यात कुठेतरी असेल, तो तिने शोधला नाही.

बाहेर पडताना मॅडमनी तिला हाक मारली. “तू तिची बहीण ना गं? तिचं रक्तदाबाचं उत्तर मी अजून विसरले नाही. मलाही इतकं सुंदर लिहिता आलं नसतं.”

“हो, मॅडम.”

“त्या उत्तराला मी पूर्ण गुण दिले. पण कोऱ्या पानांना काय देणार, सांग बरं?”

धाकटीने पिशवीचा पट्टा खांद्यावर सरकवला.

“पेपर मी एकटी काढत नाही,” मॅडम म्हणाल्या. आपण हे कुणाला सांगतोय, हे लक्षात आल्यासारख्या त्या थांबल्या. मग तिच्या पाठीवर थाप मारून त्या खोलीत गेल्या.

धाकटीने घरी यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं टाळलं असंही नाही, तोंड उघडण्याइतकं ते तिला महत्त्वाचं वाटलं नाही. पण कॉलेज असून असून असतं केवढं! थोरलीला ते दुसऱ्याच कुणाकडून कळलं. एका संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलापाशी येऊन धाकटीसमोर बसली.

“मला शिकव,” ती म्हणाली.

“काय?”

“तू करतेस तसा अभ्यास. या वेळी राहिले तर बाबांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही. सगळ्या गावभर सांगून बसलेत ते.”

धाकटीने मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून आईने शाळेच्या वह्या टेबलावरून उचलल्या की दोघी तिथे बसायला लागल्या. धाकटीने मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणल्या आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांवर खुणा केल्या. घड्याळ समोर ठेवलं. एका प्रश्नाला ठरलेला वेळ, तो संपला की कागदावरून पेन उचलायचं, वाक्य अर्धं राहिलं तरी. थोरलीच्या तोंडून ‘पण असं का’ आलं की धाकटी चमच्याने टेबलावर टकटक करायची.

“अगं, पण हे कळल्याशिवाय पुढचं कसं...”

टक टक.

“एवढं एकच सांगते, मग...”

टक टक.

सुरुवातीला थोरली चिडायची. एकदा तिने चमचा खिडकीतून खाली फेकला. खालून जाणाऱ्या एका माणसाने वर बघून शिव्या घातल्या आणि दोघी पोट धरून हसल्या. धाकटीला आपण हसतोय याचंच नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने दुसरा चमचा घेतला.

महिने गेले. टकटक कमी होत गेली. थोरली आता प्रश्न बघायची, मथळा द्यायची, मुद्दे ओळीने म्हणून दाखवायची आणि पुढच्या प्रश्नाकडे जायची. छताकडे बघत बसायची सवय गेली. येरझाऱ्या थांबल्या. एका संध्याकाळी धाकटीच्या लक्षात आलं की चमचा बराच वेळ आपल्या हातात नुसताच आहे. तिने तो धुऊन जागेवर ठेवला.

थोरली पास झाली. नुसती पास नव्हे, चांगल्या गुणांनी. वडील केक घेऊन आले आणि दारातच म्हणाले, “मला माहीतच होतं.” आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने थोरलीला जवळ घेतलं आणि मग धाकटीलाही ओढून घेतलं. “माझ्या या पोरीने तिला हात दिला,” ती म्हणाली. थोरली हसत होती. धाकटीने केक खाल्ला. तो गोड होता, एवढं तिला समजलं.

पुढची वर्षं अशीच सरळ गेली. दोघी परीक्षा देत गेल्या, वर चढत गेल्या. धाकटी शेवटच्या वर्षात पोहोचली तेव्हा थोरली तिच्या मागेच होती, आणि मेडिसिनच्या वॉर्डात दोघींच्या बॅचेस एकाच वेळी यायच्या. लांबच लांब खोली, दोन्ही भिंतींना खाटा, मधोमध चाकांचं टेबल. सकाळी मोठे डॉक्टर यायचे, मुलं त्यांच्यामागे घोळका करायची आणि कुणीतरी एक जण केस मांडायचा.

खिडकीजवळच्या खाटेवर पोहायला शिकवणारे एक मास्तर होते. वय झालेलं, खांदे अजून रुंद, पाय सुजलेले. त्यांना आडवं पडता येत नव्हतं. पाठीमागे उशा रचून ते बसूनच असायचे.

“पडलं की बुडल्यासारखं होतं बघा,” ते येईल त्याला सांगायचे. “उभा जन्म दुसऱ्यांना बुडू नका म्हणून शिकवलं, आणि आता मी कोरड्या गादीवर बुडतोय.”

त्या सकाळी त्यांची केस थोरलीने मांडली. धाकटी घोळक्याच्या मागे उभी होती. थोरलीने तक्रारी सांगितल्या, तपासणीत काय आढळलं ते सांगितलं, निदान सांगितलं, सगळं क्रमाने, न अडखळता. मोठे डॉक्टर म्हणाले, “उत्तम. असं मांडायचं असतं,” आणि पुढे सरकले.

“अहो डॉक्टरीणबाई,” मास्तरांनी थोरलीला हाक मारली. “श्वासाचं ठीक आहे. पण पाय कशाने सुजतात माझे?”

थोरली वळली. “पाय सुजण्याची कारणं म्हणजे,” ती बोटांवर मोजत म्हणाली, “हृदयाचे आजार, मूत्रपिंडाचे आजार, यकृताचे आजार, रक्तातलं प्रथिन कमी होणं, शिरा तुंबणं...”

मास्तर हसले. “यातलं माझं कुठलं?”

“हृदयाचं,” थोरली म्हणाली आणि घोळक्यात जाऊन मिसळली.

वॉर्डातून सुटल्यावर धाकटीने तिला जिन्यात गाठलं. “तुला सांगता आलं असतं त्यांना. नीट.”

“आलं असतं.”

“मग?”

“पुढच्या दोन केसेस राहिल्या असत्या.” थोरली पायऱ्या उतरतच बोलत होती. “अगं, असं का बघतेस? तूच तर शिकवलंस.”

“तुला वाईट नाही वाटत?”

थोरली थांबली. तिने खरोखर विचार केला, तेवढं तिच्यात अजून होतं. “नाही गं,” ती म्हणाली. “काहीच नाही वाटत. सोपं झालंय सगळं. आधी एकेका पानावर जीव जायचा.” मग तिने धाकटीचा दंड हलकेच दाबला. “तुझे उपकारच आहेत.”

धाकटी जिन्यात उभी राहिली. लोक तिच्या बाजूने चढत-उतरत होते. एका वॉर्डबॉयने चाकांची खुर्ची थांबवून विचारलं, “ताई, चक्कर येतेय का?” ती म्हणाली, “नाही.”

ती ग्रंथालयात गेली आणि पहिल्या वर्षाचं फिजिओलॉजीचं पुस्तक मागितलं. ग्रंथपाल बाईंनी तिच्या ओळखपत्रावरचं वर्ष बघून भुवया उंचावल्या, पण पुस्तक दिलं. हृदयाचा धडा तिने पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. तिला कळेना. ज्या ओळी तिने कधीकाळी जशाच्या तशा लिहून गुण मिळवले होते, त्या आता परक्या माणसासारख्या समोर उभ्या होत्या. तिने पुन्हा वाचलं. कागदावर हृदय काढलं, त्यात बाण काढले, खोडले, पुन्हा काढले. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच धडा, तिसऱ्या दिवशीही. भारी वगैरे तिला काही वाटलं नाही. बधिर झालेल्या पायावर उभं राहावं आणि जमीन नेमकी कुठे आहे ते कळू नये, तसं होतं ते. पण ती उठली नाही. त्या आठवड्यात चाचणी होती, ती तिने जेमतेम दिली.

मग ती मास्तरांच्या खाटेशी गेली. दुपारची वेळ होती. शेजारच्या खाटेवर थोरली एका पेशंटच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधत होती.

“मास्तर, पाय कशाने सुजतात ते सांगू?”

“या, या. मला वाटलं विसरले सगळे.”

ती खुर्ची ओढून बसली. “तुमचं हृदय म्हणजे दोन पंप शेजारी शेजारी. एक उजवा, एक डावा. उजवा पंप दमला की मागचं पाणी फुप्फुसात तुंबतं, म्हणून दम लागतो. आणि डावा...”

“डावा,” शेजारून आवाज आला. थोरली पट्ट्याकडेच बघत होती. “फुप्फुसात तुंबतं ते डावा दमल्यावर. उजवा दमला की पायात.”

धाकटीने खिशातला कागद काढून पाहिला. बाण बरोबर होते, बोलताना तिनेच उलटे केले होते.

“दोघींत खरं कोणाचं?” मास्तरांनी विचारलं.

“तिचं.”

“मग तिलाच सांगू दे की.”

थोरलीने एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा धाकटीच्या हातातल्या कागदाकडे. क्षणभर ती बोलेल असं वाटलं. मग तिने पट्टा सोडला, आकडा लिहिला आणि म्हणाली, “माझ्या अजून खाटा राहिल्यात.” ती पुढे गेली.

धाकटीने पुन्हा डावीकडून सुरुवात केली. वेळ लागला. ती अडखळली, मागे गेली, मास्तरांच्या चादरीवर बोटाने पंप काढून दाखवला. मास्तर ऐकत होते. आडवं पडल्यावर पायातलं पाणी पुन्हा रक्तात येतं आणि फुप्फुसावर भार पडतो, म्हणून बुडल्यासारखं होतं, हे सांगितल्यावर ते गंभीर झाले. “म्हणजे माझ्याच पायातलं पाणी,” ते म्हणाले.

त्यांनी सुजलेल्या पायांकडे बघितलं. “पण मग पंप दमला कशाने?”

धाकटीला ते माहीत नव्हतं. कारणांची यादी तिला पाठ होती. पण ती यादी म्हणून दाखवायला तिचं तोंड उघडलं नाही.

“वाचून सांगते,” ती म्हणाली.

त्या वर्षी धाकटीचा नंबर बराच खाली घसरला. ती पास झाली एवढंच. “तब्येत बरी नव्हती का गं?” आईने विचारलं, आणि धाकटी म्हणाली, “बरी होती.” पुढच्या वर्षी थोरली कॉलेजात पहिली आली. वडिलांनी पुन्हा इमारती-इमारतींतून बातमी पोहोचवली. थोरलीने बक्षीस घेतलं, फोटोत नीट हसली आणि घरी येऊन लवकर झोपली.

मास्तर तोवर केव्हाच गोळ्या आणि सूचना घेऊन घरी गेले होते. ते जाण्याआधी, पंप कशाने दमला ते धाकटी त्यांना वाचून सांगून आली होती. अर्धं त्यांना कळलं, अर्धं तिला. तो धडा संपवून ती त्याच्या पुढच्या धड्याकडे वळली. वाचताना एका ओळीपाशी तिचं बोट थांबलं, आणि पुस्तक उपडं ठेवून ती छताकडे बघत बसली.